बूट

सुरू होत नाही असं नाही.
होतो. सोमवारी झाला, मंगळवारी झाला,
बुधवारी बटण दाबलं तर पंखे अर्धा फेरा घेऊन
कुणी मागून हाक मारावी तसे थांबले.
पुन्हा दाबलं. काळा पडदा.
तिसऱ्यांदा दाबलं, तर जसं काही झालंच नव्हतं.

पार मेलेलं यंत्र परवडतं.
त्याचं सुतक धरता येतं, भाग विकता येतात.
हे कधीकधी मात्र
ना धड वापरू देत, ना टाकू.

कॅबिनेट येरेवानच्या जुन्या बाजारातलं,
कुठल्याशा बंद पडलेल्या विमा कचेरीचं,
पत्र्यावर अजून चिकटलेलं: टेबल क्रमांक सात.
मदरबोर्ड चुलतभावाने, होव्सेपने,
त्बिलिसीहून लोकरी मोज्यांत गुंडाळून आणला.
रॅमच्या दोन पट्ट्या दोन गावच्या.
जोडलं मी एकटीने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
मधूनमधून नळाला शिवत,
अंगातली वीज उतरावी म्हणून.

मग वही केली.
तारीख, वेळ, खोलीतली थंडी, झाला की नाही.
चार अंश, नाही.
चार अंश, झाला.
रॅम काढली, खोडरबराने तिचे दात घासले, झाला.
त्या दिवशी आनंदाने तीन ओळी जास्त लिहिल्या.
दुसऱ्या दिवशी एकच शब्द.
गायानेकडून पॉवर सप्लाय उसना आणला:
झाला, झाला, झाला, नाही.
आधी मी यंत्र तपासत होते.
जानेवारीत लक्षात आलं,
बटण दाबण्याआधी मी डावा हात झाकणावर ठेवते,
श्वास रोखते,
आणि अंगात निळा स्वेटर असला तर बरं, असं वाटू लागलंय.
वहीत हा रकाना घातला नाही.

बाबा खाली तळघरात बूट दुरुस्त करतात.
अर्ध्या ग्युमरीच्या टाचा त्यांच्या हातून गेल्यात.
यंत्रातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही
हे ते छाती पुढे काढून सांगतात.
त्या रात्री चहा घेऊन वर आले,
वही चाळली, चष्मा कपाळावर,
म्हणाले, "आर्पिने जान,
हातात चावतो की पायात?"

काय?

"गिऱ्हाईक म्हणतं, बूट चावतो. कधीकधी.
मी आत बोटं फिरवतो. काही नाही, लोणी.
हातात प्रत्येक बूट साधूच असतो.
पाय आत जाऊ दे, वजन पडू दे,
तेही उतारावर, एका कडेला,
मग खिळा डोकं वर काढतो."

मी हसले. मग झोप लागली नाही.

दोन वाजता सगळं उपसलं.
बोर्ड मांडला बाबांच्याच एका खोक्यावर,
बेचाळीस नंबर, पुरुषांचे, तपकिरी.
बटण कॅबिनेटबरोबर गेलेलं,
म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना टेकवल्या.
झाला.
बंद केला, खिडकी उघडली, बर्फाचा वारा आत घेतला,
बोटं बधिर होईपर्यंत थांबले. झाला.
चौदा वेळा. चौदाही वेळा.

म्हणजे हातात चावत नाही.

टॉर्च मारून रिकाम्या पत्र्यात पाहिलं.
नऊ पितळी पाय उभे.
माझ्या बोर्डाला भोकं आठ.
नववा विमा कचेरीच्या जुन्या बोर्डाचा,
कचेरी बंद झाल्याचं कुणीच न कळवलेला कारकून,
अजून आपल्या जागी ताठ,
आणि थंडीने पत्रा आकसला
की नव्या बोर्डाच्या पाठीला हळूच बोट लावणारा.
एरवी केसभर दूर.

पहाटे बाबांनी पकडीने तो काढला.
खिळ्यांच्या डब्यात टाकत म्हणाले, पितळ चांगलं आहे.

तेव्हापासून एकतीस वेळा झाला.
पण जे कधीकधीच यायचं
ते गेलं, हे किती दिवसांनी म्हणायचं?
बाबांना विचारलं.
गिऱ्हाईक परत आलं नाही, म्हणाले,
तर एक बूट बरा झाला असेल,
नाहीतर त्याने दुसरा घेतला असेल.

आज बत्तिसावी वेळ.
स्वेटर करडा, मुद्दाम.
हात मात्र झाकणावर गेलाच.