फुटाला एक सूत

उद्यमनगरातली फौंड्री बंद केली
त्याच महिन्यात मी दोन होड्या बघून आलो.
शिडाच्या. आत निजता येतं, रांधता येतं,
वारा असेल तर लक्षद्वीपला जाता येतं, अशा.
कोल्हापुरात हे बोलायचं म्हणजे
आधी इकडंतिकडं बघून घ्यावं लागतं.
"रंकाळ्यात सोडतोस काय?" तातोबा कोरवी म्हणाला,
आणि चहाच्या गाड्यावर अर्धा तास सगळे तेच हसले.

पहिली जयगडच्या खाडीत. चौतीस फुटी,
अंगानं शेलाटी, वय माझ्या थोरलीएवढं.
चाक नाही, सुकाणूला सागवानी दांडा,
कुणाकुणाच्या तळव्यांनी काळा पडलेला.
हळू चालते, मालक म्हणाला, पण नाक वळवत नाही.

दुसरी बेतीमला, मांडवीकाठी. सदतीस फुटी,
पोटानं रुंद. दोन खोल्या, फ्रीज, न्हाणीघर,
बटण दाबलं की शीड आपलं आपण गुंडाळतं.
वेगात तिचा हात कुणी धरणार नाही.
किमतीत फरक दोन लेथ मशीनचा.

गंगावेशीत म्हैस बघतात तसा
मी दोघींच्या खाली वाकून फिरलो.
बाकीचं मला काय कळतं? शीड कळत नाही, वारा कळत नाही.
पण होडीच्या पोटाखाली जे वजन असतं,
खाडीवरचे ज्याला पठाण म्हणतात,
ते पहिलीचं निघालं बिडाचं.
खिशात हातोडी होतीच.
ठोकत गेलो नाळेपासून मागं,
वीत-वीत, कान लावून,
चाळीस वर्षं कास्टिंग ऐकलं तसं.
एके ठिकाणी भसाडं बोललं. तिथं हवा अडकलेली,
कुण्या परमुलखातल्या मोल्डरची घाई
तीस वर्षं समुद्रात हिंडलेली.
मला त्याचा राग आला नाही.
असली घाई माझ्याही नावावर आहे,
तीन जिल्ह्यांतल्या पाणीपंपांत.

दुसरीचं पठाण शिशाचं. शिसं बोलत नाही.

घरी कागदावर काही जमेना.
तेव्हा मोकळ्या फौंड्रीत, साचे मांडायचो त्या काळ्या वाळूवर,
पॅटर्नची जुनी पट्टी घेऊन
फक्कीनं आखल्या दोन्ही, शेजारी शेजारी.
चूल, पलंग, डोलकाठीचा ठिपका.

मालन डबा घेऊन आली, चपला काढून
रुंद होडीत उभी राहिली.
"हे तिरकं हुतं म्हणाला न्हवं?
मग हितं धरू कशाला? भिंत कुठं, मी कुठं."
मग शेलाटीत गेली. दोन्ही हात पसरले,
दोन्हीकडच्या रेघा बोटांना लागल्या.
हवेतला कुकर हवेतल्या शेगडीवर ठेवला,
कमरेनं ओट्याला टेकली, जरा हलून बघितलं.
"ही," म्हणाली. "तिकडं पडलं तर लांब जाऊन पडणार.
हितं पडायलाच जागा न्हाई."
आणि तिथंच, पलंगाच्या फक्कीत बसून
आम्ही भाकरी खाल्ली.

रात्री झोप उडाली ती पट्टीनं.
पॅटर्नची पट्टी. तिच्यावरचा फूट फुटापेक्षा मोठा.
बीड निवताना आक्रसतं, म्हणून फुटाला एक सूत
आधीच जास्तीचं धरलेलं असतं.
म्हणजे चौतीस फुटांत चौतीस सूत. सव्वाचार इंच.
खरी होडी मालनच्या होडीपेक्षा तेवढी आखूड.

उठवून सांगितलं तिला.
"चार इंचानं काय हुतंय," कुशीवर वळत म्हणाली,
"पंचगंगेत मला पवायला कवा शिकवताय ते बोला."

सकाळी जयगडला फोन लावला.
त्या भसाड्या जागेचे पंधरा हजार कमी करून मागितले.
मालक म्हणाला, कसली जागा?
मी म्हणालो, भेटल्यावर ऐकवतो.