दीड इंच माया

एकवीस किलो गेले.
कुठं गेले विचारू नका.
तलावाच्या कडेनं गेले, पहाटे साडेपाचला,
अर्ध्या कडक भाकरीत गेले,
आणि थोडे डॉक्टरच्या त्या कागदाच्या भीतीनं.

लोक विचारतातच, "साखर लागली का ओ?"
मी म्हणते, नाही,
लागायच्या आत पंगतीतून उठले.

आता कपाट उघडलं की
हँगरला एक बाई लटकलेली असते,
माझ्याहून रुंद, माझ्याच आवडत्या रंगांची.
चौदा ब्लाउज. सहा पंजाबी ड्रेस.
त्यात भाचीच्या हळदीचा तो पिवळा,
ज्याची चेन श्वास रोखून लावली
आणि पंगत उठेपर्यंत सोडला नव्हता,
श्वास.

लेक म्हणते, "आई, देऊन टाक.
ठेवलेस तर परत जाशील त्यांच्यात."
जणू ते कपडे म्हणजे माझं माहेर.

बोहारीण आली विजापूर वेशीकडून.
उलटेपालटे करून, उजेडात धरून बघितले.
पाच ड्रेसना एक कढई, तीही झाकणाशिवाय.
म्हटलं, बाई, यात मी एकवीस किलो होते!
"म्हणून तर कढई देतीय," ती म्हणाली,
"न्हाईतर गाळणी होती."

दोन सुती गाऊन दिराच्या यंत्रमागाला गेले,
तेल पुसायला.
परवा डबा द्यायला गेले तर
मागाच्या पायाशी माझी बाही.
काळी कुळकुळीत,
कडेला एक गुलाबी फूल अजून शिल्लक.
कसंतरीच झालं. डबा ठेवला, आले.

ब्लाउज पिशवीत भरून राजमल्लूमामांकडे नेले,
कन्ना चौकापुढच्या बोळात.
अख्खी गल्ली शाळांचे गणवेश शिवते,
जुनं उसवायला एकटे मामा.
चष्मा कपाळावर, ब्लेड दोन बोटांत,
जांभळा ब्लाउज उलटा करून
बगलेपासून खाली उसवत गेले.

आत सुईच्या भोकांच्या तीन ओळी.
पहिली लग्नातली.
दुसरी थोरलीच्या वेळची.
तिसरी सासू गेली त्या वर्षीची,
मध्यरात्री उठून
शेंगाचटणी नुसती मुठीनं खायचे तेव्हाची.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं,
कापडानं लिहून ठेवलं होतं.
आणि जांभळ्याच्या तीन छटा:
पाठीचा विटून राखेसारखा,
शेवटची पट्टी मात्र दुकानातून आणल्यासारखी.

मामा म्हणाले, "तुझी आई सांगून गेली होती,
पोरीच्या ब्लाउजला माया जास्त सोडा.
दीड इंच सोडली होती. संपवत आणलीस की!"

मग पहिल्या ओळीवरनंच मशीन चालवली.
दीड इंच आत गेलं. कात्री उचलली.
"कापू?"
"राहू दे."
"बगलेत टोचंल."
"टोचू दे, मामा."

राहता राहिला पिवळा.
खालच्या मजल्यावरच्या श्रीलताला दिला. विड्या वळते ती.
घडी न उलगडताच म्हणाली, "मला लई मोठा हुईल, ताई."
दोघींना ठाऊक होतं, होणार नाही.

मंगळवारी बाजारात, लसणाच्या ढिगापाशी,
पुढं एक बाई चालली होती.
पिवळी पाठ, डावीकडं जराशी कललेली,
दोन्ही हातांत पिशव्या,
कुणाला धक्का नको म्हणून
रिकाम्या जागेतसुद्धा खांदे आक्रसून.

माझी पाठ मी कधी पाहिली नव्हती.
इतकी वर्षं आरशात
हिला फक्त समोरून बोलत आले.

हाक मारायला गेले
तर तोंडात माझंच नाव आलं.
गिळलं. पुढं जाऊन तिची एक पिशवी घेतली.

"मागं चेन उसवतीय का ओ, ताई?"
"नाही," म्हटलं,
"सोड श्वास."