बेचाळीस

गुजरीत पोतदारांच्या चांदीच्या काट्यावर
एकदा ठेवून बघितला होता त्याला.
सव्वाशे तोळे भरला.
"घट किती धरू, मावशी?" शेठ हसले.
फुटाणा काट्यावरच थोडा मुतला.

संग्राम म्हणाला होता,
आत्ती, चार दिवस सांभाळ फक्त.
त्याला झाली दोन वर्षं.
आता डॉक्टरीणबाई ओठ वर करून सांगतात,
वास येतोय. तोंड एवढंसं, आत दात बेचाळीस,
एकाच्या अंगावर एक.
रोज घासायला लागतील.
मी म्हटलं, कुणी?

माणसाची पेस्ट चालत नाही.
ह्याची निराळी, कोंबडीच्या वासाची,
दोनशे ऐंशी रुपयांची.
आमच्या आईनं जन्मभर तव्यावर भाजलेली मिसरी लावली.
मीही लावली, लग्नानंतर, चोरून,
आणि सोडली तेव्हा चार दाढा तिच्यासंगं गेल्या.

रात्री गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या राहतात,
लोक धारोष्ण पिऊन मिशा पुसतात,
तेव्हा इथं वरच्या खोलीत
मी मांडीवर टॉवेल अंथरते.
रबराचं टोपरं माझ्या बोटात जात नाही.
चाळीस वर्षं पैंजण घासलेलं बोट,
रिठ्याच्या पाण्यात फुगलं ते फुगलंच.
मग करंगळी.

पहिल्या रात्री चावला.
दुसऱ्या रात्री चावला.
तिसऱ्या रात्री आधी पेस्ट खाल्ली, मग चावला.
शेजारच्या सुलोचनाबाई दारातनं म्हणाल्या,
"नवऱ्याच्या तोंडात तरी कधी बघितलंस का गं,
एवढं वाकून?"

नव्हतं बघितलं.
ते गेले तेव्हासुद्धा
हनुवटीला पट्टी बांधली ती दुसऱ्याच कुणीतरी.

जोर लावायचा नाही,
हे मला शिकवायला नको.
घुंगराला जोर लावला की टाका निघतो.
कडेकडेनं, गोल गोल, हिरडीशी येऊन थांबायचं.
मागच्या दाढेला ओठाची पिशवी जरा बाजूला सारून;
तिथं पिवळं साठतं,
कडीच्या आतल्या अंगाला काळं साठतं तसं.
पुढचे दात म्हणजे तांदळाची कणी.
मी मोजत जाते.
एकोणचाळीसला पोचले की हा जीभ मधे घालतो,
परत पहिल्यापासनं.

दात आहेत तर चणे नाहीत,
चणे आहेत तर दात नाहीत,
आई म्हणायची.
माझे उरलेत एकवीस.
आणि हा फुटाणा मांडीवर,
उताणा, चारी पाय वर,
माझी करंगळी दाढेपाशी असतानाच
झोपून गेला.

काढावी तर जागा होईल.
खाली म्हशी परत निघाल्यात,
कुणीतरी चरव्या विसळतंय.
पेस्टचं टोपण उघडंच राहिलंय.
राहू दे.