मूळ स्थितीत आणा

मच्छीमार संस्थेचा कॉम्प्युटर
लाखांदूरच्या एका शाळेनं टाकून दिलेला,
पाठीवर अजून पांढऱ्या रंगात ११.
माझ्याआधीच्या लोकेश नान्हेनं त्यात फुकटातली सिस्टिम भरली,
तीन वर्षं चालवली
आणि हैदराबादला गेला.
पासवर्ड भिंतीवर, पेन्सिलीनं, कॅलेंडरच्या मागे.

पहिल्या दिवशी मेनू उघडला.
सर्टिफिकेटच्या क्लासमध्ये शिकलेलं एकही नाव नाही.
ऑफिस नाही, इंटरनेट नाही, अ‍ॅक्सेसरीज नाही.
वरून खाली फक्त चार:
पानी
मासोरी
उधारी
भानगडी.

पानीत तलावाची पातळी, आठवड्याच्या आठवड्याला.
मासोरीत आजचं वजन आणि लिलाव.
उधारीत ज्याचं त्याला ठाऊक.
भानगडीत प्रिंटर,
आवाज, घड्याळ, नेटचा डोंगल
आणि बंद करायचं बटण.

दिघोरे काका, संस्थेचे अध्यक्ष, चौथी शिकलेले,
रोहूच्या खवल्यांचं बोट पंचाला पुसून माउसवर ठेवतात,
वाचत नाहीत.
दुसऱ्या ओळीवर जातात, उजवीकडे सरकतात,
वजन उघडतं.

मी शिकलेली. एका दुपारी
पानीचं पाणी केलं
आणि मासोरीचं मासोळी.
तेवढ्यात क्रमही बदलला, अकारविल्हे,
कारण तसं बटणच होतं.
(घरी मीही पानीच म्हणते.
पण हे ऑफिस होतं ना.)

संध्याकाळी काका स्क्रीनसमोर बराच वेळ उभे.
"पानी कोठी गेला?"
मी दाखवलं.
"बरं," म्हणाले, आणि वजनाचा आकडा
खिशातल्या विडीच्या कागदावर लिहून गेले.

तेव्हा मी मेनू बदलायची खिडकी नीट पाहिली.
डावीकडे नावं, उजवीकडे चौकोन,
चौकोनात खूण असली तर दिसतं, नसली तर नाही.
लोकेशनं साठ-सत्तर खुणा काढल्या होत्या.
पत्त्यांचे खेळ, तारांगण, रसायनांचा तक्ता,
कुठल्या कुठल्या भाषांचे कीबोर्ड,
सगळं होतं तिथंच, फिक्या अक्षरांत.
काढून टाकलेलं काहीच नव्हतं.

ओसरीत काका जाळं सांधत होते.
त्यांनी न विचारता सांगितलं,
"चार बोटाची आस आहे. बारके जाऊ द्याचे.
पुढच्या सालाले तेच येतेत."
ते जाळ्याबद्दलच बोलत होते.
मी मान हलवली.

फिक्या यादीत अगदी खाली
एक नाव त्यानंच बनवलेलं: मी.
चित्र माशाचं.
खूण करून पाहिली, दाबून पाहिलं.
बाण गोल गोल फिरला,
फिरला,
थांबला.
आत पत्ता होता एका पेनड्राइव्हचा,
जो इथं नाही.
खूण परत काढली.

खिडकीच्या तळाशी एक बटण आहे:
मूळ स्थितीत आणा.
एकदा दाबलं की ऑफिस येईल, इंटरनेट येईल,
इंग्रजी अकारविल्हे सगळं,
आणि लोकेश कधी इथं बसलाच नव्हता असं होईल.
मूळ म्हणजे कारखान्यातलं.
तलाव त्याच्याही आधीचा आहे,
पण त्यासाठी बटण नाही.

पानी परत पानी केलं.
मासोरी दुसऱ्या जागेवर, बाण दाबत दाबत
एक एक पायरी वर.
उधारीला कोणी हात लावत नाही, मीही नाही लावला.

माझी भर एवढीच:
उधारी आणि भानगडी यांच्या मधोमध
एक बारीक रेघ.
तीही घालायची सोय असते, नाव नसलेली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला काका आले,
टोपली बाहेर ठेवली,
दुसरी ओळ, उजवीकडे, वजन: एकवीस किलो सहाशे.
मग बोट खाली आणून थबकले.

"हा बांध कोनं घातला?"