बारा विहिरी

काचेचा तुकडा, दोन बोटांत मावेल एवढा.
त्यावर बारा विहिरी खणलेल्या,
खणणारे कुठल्या देशातले, कोण जाणे.
एकेका विहिरीत चार मायक्रोलिटर,
म्हणजे एका डासाचं जेवण.
भरताना तळाशी बुडबुडा येता कामा नये.
आला, की सकाळ वाया.

अल ऐनमध्ये बाहेर सत्तेचाळीस अंश.
आत मी स्वेटर घालून
सांडणीच्या दुधाचे नऊ नमुने मांडते.
पाच मिनिटं उकळले
की प्रथिनांच्या गाठी सुटतात, घड्या मोडतात,
सगळी ऐट उतरते,
उरते नुसती लांबी.
मग वीज सोडायची.
केसाएवढ्या चरातून ती पळत सुटतात,
आखूड पुढे, लांब मागे रेंगाळत,
आणि पडद्यावर एकेक काळी रेघ उमटते.
शाळेतला राजहंस आठवतो, नीर आणि क्षीर वेगळं करणारा.
त्याला पगार किती होता, ते पुस्तकात नव्हतं.

सातवा नमुना इद्रिसचा.
कॅन त्यानेच आणला, पिकअपमधून, मांडीत धरून.
"हलीब तमाम, डॉक्टर," म्हणाला.
मी डॉक्टर नाही, हे त्याला तीनदा सांगून झालंय.

अठराच्या खुणेपाशी रेघ आहे.
सांडणीच्या दुधात तिथे काही नसतं, कोरं असतं.
ती गाईची रेघ.
दुसरी चिप घेतली, पुन्हा भरली.
अर्धा तास.
रेघ तिथेच.

निमोणच्या केंद्रावर अण्णांकडे लॅक्टोमीटर होता.
पोटात शिसं, मानेवर आकडे,
दुधात सोडला की डुलायचा,
आणि रांगेतल्या बायका गप्प व्हायच्या.
गयाबाईच्या कॅनमध्ये तो एकदा खोल गेला.
अण्णांनी वहीत लिहिलं: पाणी.
ती काही बोलली नाही, रिकामा कॅन उचलून गेली,
नंतर कधी आली नाही.
दूध तेव्हा धारोष्ण होतं.
गरम दुधात काटा खोटं बोलतो,
जरा निवू द्यायला हवं होतं.
हे अण्णांनी मला सांगितलं
मी इकडे यायच्या आदल्या रात्री, बॅग भरताना,
मध्येच, चपात्यांचा डबा हातात देत.

माझं यंत्र खोटं बोलत नाही.
गाईचं दूध आहे, एवढंच ते सांगतं.
कुणी ओतलं, ते नाही.
इद्रिसने? मालकाने, रात्री?
की कालच्या गाईच्या कॅनला
नीट विसळायला पाणीच नव्हतं?
एवढ्या बारीक चरातून
हात जात नाही.

फॉर्मवर दोनच चौकोन आहेत. होय. नाही.
शेऱ्याचा रकाना बोटभर.
"होय"वर खूण केली.
शेऱ्यात लिहिलं, कॅन धुतल्याची नोंद मागवा.
साहेब वाचतील न वाचतील.

चिप एकदाच वापरायची असते.
चोवीस विहिरी पिवळ्या पिशवीत टाकल्या.
खाली इद्रिस पिकअपच्या सावलीत उकिडवा बसलाय,
सावली जशी सरकते
तसा सरकतोय.