एफ जिना

सप्टेंबरच्या शेवटी टेबट येतो,
बारीक ब्रश, पांढऱ्या रंगाची डबी,
आणि जिन्याच्या तळाशी काळ्या फळीवर
आमची नावं लिहितो, खोलीच्या आकड्यापुढे.

जुनी खरवडत नाही. काळा हात फिरवतो नुसता.
"बापानेही असंच केलं," म्हणतो.
"कॉलेजात मुली आल्या त्या वर्षी
त्याने पहिल्यांदा 'मिस' लिहिलं,
तर हेड पोर्टर इथे उभा, चहा निवेपर्यंत,
स्पेलिंगमध्ये चूक शोधत."

मी पळसुले सांगते.
ळ त्याच्या डबीत नाही.
जीभ टाळूला लावून दोनदा बघतो,
मग एल काढतो, किंचित वाकडा,
माझी समजूत म्हणून.

चारच्या सुमाराला केंब्रिजचं उतरतं ऊन
दारातून तिरपं आलं
की फळीवर फुगून येतात गाडलेले.
टेबटला सगळे ठाऊक:
हा पाद्री झाला, हा दोनदा नापास,
ह्याने चॅपलच्या छपरावर बोकड चढवला,
तो उतरवायला तीन दिवस लागले.
त्या बोकडवाल्याच्या वायचं शेपूट
माझ्या नावाखालून डोकावतं.

येता-जाता अंगठा फिरतो तिथे.
जूनपर्यंत
मी वर आहे.