चार बोल्टांच्या जागी

माग भंगारात गेला. फरशीत चार बोल्टांची भोकं राहिली.
त्यांवर टेबल, टेबलावर दोन फुटांची काचेची टाकी,
यमुलांच्या पोराने हौस फिटल्यावर दिलेली.

माती मुळेगावच्या रानातली. काळी,
चपलेला धरली की सोडत नाही अशी.
रव्याच्या चाळणीने चाळली, अंबुबाईला न विचारता,
तर निघाल्या पऱ्हाटीच्या काड्या, एक शिंपला,
कुणाच्यातरी शर्टाचं बटण.
बादलीत भिजवली, तरंगेल ते टाकलं,
गच्चीवर पसरली. एप्रिलचं ऊन, वेगळी भट्टी नको.
दुपारी खपल्या, संध्याकाळी पुन्हा चिखल.
असं तीनदा.
चौथ्यांदा नाकाशी धरली तर कसलाच वास नव्हता,
नुसता मातीचा.

ती अंथरली दोन बोटं. वर दोन बोटं सीनेची वाळू,
काळं कुठे दिसू नये अशी,
गादीवर चादर ओढून घ्यावी तशी.
वाळू धुवायला सहा बादल्या लागल्या.
"पाच दिवसांनी नळ येतो," अंबुबाई म्हणाली,
"आणि तुम्ही वाळूला आंघोळ घाला."
बरोबरच होतं तिचं.
ते गढूळ पाणी मी बोळातल्या कडुलिंबाला नेऊन घातलं,
दोन खेपा तिला दिसतील अशा.

मग वाळूवर बशी ठेवली, बशीवर धार सोडली
करंगळीएवढी.
चालत्या मागावर तुटका धागा गाठताना
हात जसा नसल्यासारखा असावा लागतो,
तशी.
तरी एका कोपऱ्यातून काळा धूर उठला
आणि सगळ्या टाकीचा चहा झाला.

रोपं पुण्याहून आली, ओल्या पेपरात गुंडाळून.
चिमट्याने एकेक मूळ वाळूखाली, मातीत.
आठ दिवसांत पानं विरघळली.
शेजारचा श्रीशैल काचेला नाक लावून
दोस्ताला म्हणाला, "नुसता चिखल हाय बे."
मी काही बोललो नाही.
मूळ धरलं असेल तर पान येईल,
नसेल तर नाही. यात माझं काय चालतं?

रात्री बुडबुडे यायचे. एकेकटे.
दाबलेलं काहीतरी वर यायचं, कुजक्या अंड्याच्या वासाचं.
माग विकताना फणीची एक तार काढून ठेवली होती.
ती घालून माती टोचतो, हलकेच,
भाकरी फुगल्यावर वाफ सोडतात तशी.

चाळीस दिवस झाले. मासा अजून एकही नाही.
एक पान आहे, नखाएवढं, तपकिरीकडे झुकलेलं,
आणि एक गोगलगाय, जिला कुणीच आणलेलं नाही.

आज पहाटे बोळातून हाक आली, "नीळ्ळु! नीळ्ळु!"
अंबुबाईने घागरी भरल्या, पिंप भरलं,
मग एक बादली बाजूला ओढून तिच्यावर चाळण झाकली,
रव्याचीच.
"उद्यापर्यंत राहू दे," म्हणाली,
"औषधाचा वास जाऊ दे.
मग घाला तुमच्या त्या गवताला."